नोकरी दिसली पाहिजे

आमच्या आकुर्डीच्या सोसायटीत नोकरी ही डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे. सकाळी अंगावर निळा नाहीतर राखाडी शर्ट, पायात जाड तळाचे बूट, हातात डबा आणि कोपऱ्यावर कंपनीची बस. माणूस बसमध्ये चढला म्हणजे नोकरी आहे. संध्याकाळी तोच माणूस शर्टाला ऑइलचा वास घेऊन उतरला म्हणजे नोकरी अजून आहे. इतका सरळ हिशेब. मी त्या हिशेबात बसत नाही. मी बर्म्युडा घालून बेडरूममध्ये बसतो.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. दूरच्या एका थंड देशातले लोक दातांच्या डॉक्टरची वेळ ज्या अ‍ॅपवरून घेतात, ते अ‍ॅप मी सांभाळतो. दाढ दुखली की आपलं गाव निवडायचं, डॉक्टर निवडायचा, बटण दाबायचं. त्या बटणामागचा सगळा संसार माझा. कंपनीनं हिंजवडीतलं ऑफिस बंद करून 'आता कायमचं घरून' असं कळवलं, तेव्हा मी घरातल्या घरात उडी मारली होती. त्या उडीचा आवाज खालच्या मजल्यावर कुसुमताईंना गेला, आणि सोसायटीत पहिली बातमी तिथूनच निघाली, की भूषणच्या घरी काहीतरी झालंय.

आईची गोष्ट वेगळी. कस्तुरा तिचं नाव, आणि तिच्या आईकडून तिला फक्त ओव्या आल्या. जातं गावाकडं राहिलं, ओव्या मिक्सरवर आल्या. चटणी वाटून झाली, मिक्सर थांबला, की ती भांडं काढता काढता म्हणते:

लेक माझा इंजनेर, मांडीवरी त्याची पेटी
बोटानं नांगरीतो, दिसंना मला माती

हे कौतुक की तक्रार, मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "ओवीला काय विचारायचं असतं का? ती आली, मी म्हटली."

खरा प्रश्न होता अप्पांचा. माझे वडील भीमराज, उभा जन्म मशीन शॉपमध्ये काढून रिटायर झालेले. रोज संध्याकाळी ते विहाराशेजारच्या कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर जायचे. तिथं त्यांच्यासारखेच रिटायर झालेले सगळे जमायचे आणि आपापल्या जुन्या साहेबांना शिव्या देत अंधार पडेपर्यंत सुखानं बसायचे. ते जाणं एकाएकी बंद झालं. विचारलं तर म्हणाले, "गुडघा." बाम आणला, गरम पाण्याची पिशवी आणली. गुडघ्यावर बाम आणि डोळ्यांत दुसरंच काही, असे खिडकीशी बसून राहायचे.

माझी बायको आम्रपाली पिंपळे सौदागरच्या एका शाळेत शिकवते. मुलांनी पोट दुखतं म्हटलं की खरं काय दुखतंय ते तिला बरोबर कळतं. ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, गुडघा ठीक आहे त्यांचा. कट्ट्यावर विचारतात त्यांना, भूषणला काढला का म्हणून."

"मग त्यांनी सांगायचं ना, नाही काढला!"

"काय सांगणार? त्यांना स्वतःलाच वाटतंय, तुम्हाला काढलंय आणि तुम्ही लपवताय."

मी तडक हॉलमध्ये गेलो आणि अप्पांना समजावलं. क्लाऊड सांगितला, सर्व्हर सांगितला, थंड देश सांगितला. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल, असेल."

त्या 'असेल'नं मला जे लागलं, ते कुणी तोंडावर 'नाही' म्हटलं असतं तरी लागलं नसतं. आजारी माणसाला 'बरं वाटेल हं' म्हणतात, तसा तो 'असेल' होता.

एव्हाना शेजारपाजारची मदत सुरू झाली होती. कुसुमताई एका दुपारी वाटीभर खीर घेऊन आल्या. आमच्याकडे खीर येण्यासारखं काही घडलं नव्हतं. "खचायचं नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "माझा भाचा वर्षभर घरी होता. आता तळेगावला लागलाय. त्याच्या कानावर घालू का?" मी म्हटलं, "ताई, मी कामातच आहे आत्ता." त्यांनी माझ्या बर्म्युडाकडे प्रेमानं पाहिलं. "हो ना, हो ना. मन गुंतवलेलं बरंच." खीर चांगली होती, हे मात्र कबूल केलं पाहिजे. अपमानात वेलची घातली होती.

समोरच्या इमारतीतला रंगराव तर थेट जिन्यातच भेटला. रंगराव इथला मूळचा गाववाला, चाकणच्या एका कारखान्यात लाइनवर. "भूषण भाऊ, लाजायचं न्हाई राव," त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "आमच्याकडं हेल्परची भरती हाय. तू शिकल्याला हाईस, तरी बी घेत्याल. मी बोलतो."

तरी बी! पदवीकडे दुर्लक्ष करून घेतील, असं आश्वासन मला तोवर कुणी दिलं नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, की ह्यांना नोकरी दिसायला हवी ना, मग दाखवू. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, गळ्यात जुनं ओळखपत्र, पाठीला लॅपटॉप, हातात डबा घेऊन सगळ्यांसमोरून निघायचं, कोपऱ्यावर घटकाभर बसच्या लोकांत उभं राहायचं आणि मग हळूच विहाराच्या अभ्यासिकेत जाऊन काम करायचं. आम्रपालीला योजना सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे नोकरी असलेला माणूस नोकरी असल्याचं सोंग करणार?" ऐकायला ते जरा विचित्र वाटलं, पण घरच्या प्रेमाचे बरेच उपाय असेच विचित्र असतात.

पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. मी बूट घालत होतो, तर अप्पा धुतलेला सदरा घालून दारात उभे. "चल, सोडतो कोपऱ्यापर्यंत." गुडघ्याचं नाव नाही. रस्ताभर ते माझ्या अर्धं पाऊल पुढं चालत होते आणि भेटेल त्याला स्वतःहून सांगत होते, "भूषण. ऑफिसला."

कोपऱ्यावर चाकणची बस उभीच होती. खिडकीतून रंगरावनं डोकं काढलं. "आरं, भूषण भाऊ! कुटं?"

"ऑफिसला," अप्पा म्हणाले.

"कुटंशी हाय ऑफिस?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात इतकी आस होती, की मला बसच्या काचेवरची पाटी सोडून दुसरं काही दिसेना. मी म्हटलं, "चाकणला."

"मंग हितं काय खांबावानी उभा? चढ की! जागा हाय."

"नको, मी जाईन आपला..."

"चढ, चढ," अप्पाच म्हणाले, आणि मला लहानपणी शाळेच्या रिक्षात बसवायचे तसं दंडाला धरून पायरीवर चढवलं. बस हलली. मागे पाहिलं, तर अप्पा हात हलवत होते. बस वळेपर्यंत हलवत होते. त्या हाताकडे बघून 'थांबवा' म्हणायला माझी जीभ वळली नाही.

तळवड्याच्या चौकात बस नेहमीप्रमाणे ट्रॅफिकमध्ये मुक्कामाला थांबली. मी विचार केला, गेटबाहेर उतरू, एखाद्या टपरीवर बसून काम करू, दुपारी परत येऊ. मांडीवर लॅपटॉप उघडला. आदल्या दिवशी एक चाचणी लावून ठेवली होती. चाचणीपुरतं मी सोय म्हणून असं केलं होतं, की पेशंटनं कुठलंही गाव निवडलं तरी वेळ एकाच डॉक्टरची मिळावी, म्हणजे तपासायला सोपं. ती काढून टाकायची, एवढंच काम. बोट नेमकं बटणावर आणलं, तेवढ्यात बस सुटली आणि खड्ड्यात गेली. सगळी बस उडाली, माझं बोटही उडालं आणि खाली येताना कुठंतरी टेकलं. स्क्रीन क्षणभर लुकलुकली आणि शांत झाली. थंड देशात तेव्हा लोक गाढ झोपेत होते. मलाही काही जाणवलं नाही.

तेवढ्यात आमची सकाळची मीटिंग सुरू झाली. कानात हेडफोन घालून मी 'ओके, ओके' म्हणत राहिलो, आणि त्या नादात बस गेटातून आत कधी गेली, लोक कधी उतरले, कळलंच नाही. कळलं ते खांद्यावर काठी टेकली तेव्हा.

"कोण आपण?"

सिक्युरिटीचे मुख्य धोंडीबा सुभेदार. फौजेतून निवृत्त, राहायला देहूरोडला, मिशी परेडला उभी असल्यासारखी. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. मला नोकरी आहे, पण ती दिसत नाही, म्हणून मी ती नसलेल्या ठिकाणी जायला निघालो होतो. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि आत फोटोला मनाई म्हणून आधी त्याच्या कॅमेऱ्यावर लाल गोल स्टिकर चिकटवला. मग फोनच्या कॅमेऱ्यावर. मग जरा विचार करून फोनच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर.

"ठीक आहे. आपण जाऊ शकता," ते म्हणाले. "लॅपटॉप जाऊ शकत नाही."

"का?"

"आत येणाऱ्या वस्तूची गेटवर नोंद होते. नोंद असेल तर बाहेर जायचा पास बनतो. ह्याची नोंद नाही. म्हणजे हा आत आलेलाच नाही."

"बरोबर. मग जाऊ द्या."

"आत न आलेली वस्तू बाहेर कशी जाईल?"

मी म्हटलं, "मग आत्ता नोंद करा."

"आत्ता तो आतच आहे. आत असलेली वस्तू आत येताना कशी दाखवू?"

आयुष्यभर मी मशीनला तर्क शिकवत आलो. इतका बिनचूक तर्क मी एकाही मशीनला शिकवू शकलेलो नाही. ओळखपत्र दाखवलं, तर सुभेदारांनी त्यावरचा हिंजवडीचा नंबर फिरवला. तो नंबर अस्तित्वात नाही, असं एका गोड बाईनं सांगितलं. त्यांनी ओळखपत्र दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं. "घरचं कुणी जबाबदार माणूस बोलवा. कागदपत्रांसह."

रंगराव लाइनवर उभा, चहाच्या सुट्टीशिवाय हलता येईना. मी आम्रपालीला फोन लावला. ती वर्गावर निघाली होती. सगळं ऐकून तिनं एक मोठा श्वास घेतला. "अप्पांना पाठवते," ती म्हणाली. मी 'नको, नको' म्हणेपर्यंत शाळेची घंटा झाली.

म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्यांनाच आता मला परक्या कारखान्याच्या गेटावर, स्टिकर लावलेल्या अवस्थेत येऊन सोडवायचं होतं. केबिनमधल्या लोखंडी खुर्चीत मी बसलो होतो. बाहेर ट्रकची रांग होती, वर पत्र्यावर कबुतरं होती. त्या कबुतरांची कुठं नोंद नव्हती, तरी ती आत-बाहेर करत होती.

आणि मग तिकडे, थंड देशात, उजाडलं. लोक उठले. दाढा दुखायला लागल्या.

फोन वाजला. सुभेदारांनी हात वर केला. "गेटवर खाजगी बोलणं नाही. स्पीकरवर."

फोन होता नायर मॅडमचा. माझ्या मॅनेजर, बंगळुरूला असतात. एरवी आवाज इतका मऊ, की मीटिंगमध्ये डुलकी लागते. आज तो आवाज केबिनच्या काचांवर आदळला.

"भूषण! व्हॉट हॅव यू डन? पूरा देश एक डेंटिस्ट के पास जा रहा है! एक! छोटा सा गाँव है, बर्फ में लाइन लगी है! वो बेचारा डॉक्टर क्लिनिक को ताला लगाकर भाग गया!"

खड्ड्यात उडालेल्या बोटानं माझी चाचणी खऱ्या अ‍ॅपवर चढवली होती, ते आत्ता कळलं. मी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. फौजेत राहिलेल्या माणसाला आणीबाणी ओळखता येते. मी धडाधड टाइप करायला लागलो. कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता.

"और ये ट्रक का आवाज कहाँ से आ रहा है? पूरी टीम लाइन पर है, सब सुन रहे हैं! जवाब दो!"

"येस मॅडम. सॉरी मॅडम. दोन मिनिट, मॅडम."

"दो मिनिट में आधा देश वहाँ पहुँच जाएगा! इतने साल में ऐसी केअरलेस गलती मैंने नहीं देखी!"

मी मान वर केली, तर दारात अप्पा.

कधीपासून उभे होते कोण जाणे. काखेत माझ्या प्रमाणपत्रांची फाइल होती. मागे हेल्मेट हातात धरून ज्योतीराम काका, कट्ट्यावरचे त्यांचे जुने दोस्त. त्यांच्याच स्कूटरवर दोघं आले होते. अप्पांचे डोळे फोनवर खिळलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात थांबवता येईनात. मॅडम बोलत राहिल्या, मी 'सॉरी' म्हणत राहिलो, आणि शेवटी एक बटण दाबलं. तिकडे पेशंट आपापल्या गावाला वळले. मॅडम शेवटचं म्हणाल्या, "आज शाम को पूरा लिखके दो, ये कैसे हुआ," आणि फोन बंद झाला.

ज्योतीराम काकांनी घसा साफ केला. अप्पा पुढे आले, माझ्या समोरच्या बाकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"साहेब होत्या ह्या तुझ्या?"

"हो, अप्पा."

"रोज अशा बोलतात?"

"रोज नाही... म्हणजे चूक झाली की."

"सगळ्यांदेखत?"

"हो."

"आणि संध्याकाळी लिहून मागितलंय."

"हो."

अप्पांनी इतका लांब श्वास सोडला, की तो कित्येक महिने आत अडकला असणार. "मग आहे रे बाबा," ते म्हणाले. "आहे नोकरी." आणि ज्योतीराम काकांकडे वळून, "ऐकलंस ना?"

"ऐकलं की," काका म्हणाले. "काढल्याल्या माणसाला एवढं कोण बोलतंय? फुकटात कोण एवढा घसा फोडंल?"

अप्पांचा आवाज मग हळू झाला. "मी तुझ्या दाराशी येऊन उभा राहायचो रे. आत नुसती टकटक. आणि तू मध्येच 'ओके, ओके' म्हणायचास. मला वाटायचं, कुणाच्या तरी हातापाया पडतोय पोरगा. नोकरी मागणारा माणूस असाच बोलतो."

त्यांनी माझ्या ओल्या पाठीवर हात ठेवला. तो हात मशीनवर राबून इतका खरखरीत झालाय, की शर्टाचा धागा त्यात अडकतो. त्या दिवशीही अडकला. त्यांनी हात काढायची घाई केली नाही.

सुभेदारांनी तोवर मार्ग शोधला होता. लॅपटॉप 'आवारात सापडलेली बेवारस वस्तू' म्हणून लिहायचा आणि ओळख पटवून ताब्यात द्यायचा. फक्त ताबा माझ्याकडे नाही, कारण माझीच ओळख पटलेली नव्हती. सही अप्पांनी केली. नात्याच्या जागी सुभेदारांनी 'पालक' असं लिहिलं. माझे केस पांढरे व्हायला लागलेत, पण त्या दिवशी मी एका बेवारस वस्तूसह पालकाच्या ताब्यात दिला गेलो, आणि स्कूटरवर तिघं नको म्हणून एकटाच शेअर रिक्षानं घरी आलो.

संध्याकाळी मी बेडरूममध्ये मॅडमना हवं ते लिहीत होतो. अप्पा कट्ट्यावर गेले होते. कडुनिंब आमच्या खिडकीतून दिसत नाही, पण ऐकू येतो. "असा झापला, असा झापला!" अप्पांचा आवाज येत होता. "बर्फात लोक उभे केले म्हणे पोरानं!" त्यावर कुणीतरी आदरानं विचारलं, "बर्फात?" माझ्या जाहीर मानहानीची गोष्ट कौतुकानं सांगितली जात होती, आणि ती दर फेरीला वाढत होती. कुसुमताईंनी तर जिन्यात थांबून माझ्या गालावरून हात फिरवला. "बाई फार कडक आहे म्हणे रे तुझी. टिकव हं."

असे काही आठवडे सुखाचे गेले. मी पुन्हा बर्म्युडात आलो. कुणाची हरकत नव्हती. मग एका सकाळी अप्पा दारात आले. मागे ज्योतीराम काका, त्यांच्यामागे कट्ट्यावरचे आणखी दोघं, सगळे धुतल्या कपड्यांत. "तुझी मीटिंग आहे ना आत्ता? जरा स्पीकरवर ठेव. ह्यांना ऐकायचंय."

नाही म्हणणं जमलं नाही. मंडळी हॉलमध्ये ओळीनं बसली, आईनं पाणी दिलं, मी दार उघडं ठेवलं. मॅडम लाइनवर आल्या.

"भूषण," त्या अगदी मधाळ आवाजात म्हणाल्या, "नया व्हर्जन बहुत अच्छा है. क्लायंट इज सो हॅपी. आय अ‍ॅम रिअली प्राउड ऑफ यू."

मीटिंग संपल्यावर मी बाहेर आलो, तर चौघांचे चेहरे उतरलेले.

"काय म्हणाल्या?" ज्योतीराम काकांनी विचारलं.

"कौतुक केलं, काका."

"कशाबद्दल?"

"काम चांगलं झालं म्हणून."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. काका हळूच म्हणाले, "भीमराज, आपल्या कंपनीतल्या पेंट शॉपला कुलूप लागायच्या आधी साहेब कसा बोलत हुता, आठवतंय?"

"आठवतंय," अप्पा म्हणाले. "पेढे वाटले होते." आणि त्यांचा हात नकळत गुडघ्याकडे गेला.

त्या दिवशी ते कट्ट्यावर गेले नाहीत. जेवतानाही माझ्याकडे न बघता बघत होते. शेवटी मी फोन काढला आणि माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड मेसेज लिहिला: 'मॅडम, उद्याच्या मीटिंगमध्ये मला थोडं रागवाल का? घरचे काळजी करतायत.' उत्तर आलं: 'मेरे अच्छन भी ऐसे ही हैं.' अच्छन म्हणजे त्यांच्याकडे वडील.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडं ठेवूनच बसलो. मीटिंग सुरू झाली आणि मॅडम कडाडल्या, "भूषण! एक स्क्रीन शेअर करने में इतना टाइम? आर यू स्लीपिंग?"

हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चप्पल शोधल्याचा. मग अप्पांचा, कितीतरी मोकळा:

"कस्तुरा, मी जरा कट्ट्यावर जाऊन येतो गं. इकडं सगळं ठीक आहे."